नाण्याची ग्रेड कुणी ठरवायची: आपण, डीलर की डबी?

इंदूरमधल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात नाण्यांची पुरचुंडी निघाली, की पहिला प्रश्न येतो, 'कितीला जाईल?' दुसरा यायला हवा तो म्हणजे 'ग्रेड काय?', म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत उरलंय? कारण एकाच सालच्या, एकाच टांकसाळीच्या दोन रुपयांत जी तफावत पडते ती बहुतेक ग्रेडमुळेच. ती ठरवायला तीन वाटा आहेत. आपणच भिंग घेऊन बसायचं, ओळखीच्या डीलरला दाखवायचं, किंवा ग्रेडिंग कंपनीकडे पाठवून नाणं प्लॅस्टिकच्या डबीत (संग्राहक तिला स्लॅब म्हणतात) बंद करून घ्यायचं. डबी आली की वाद मिटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अर्धीच पटते. होळकरांच्या हाताने पाडलेल्या नाण्यांत मुरलेल्या संग्राहकाची नजर मी डबीच्या वर धरतो. इंग्रजी अमलातल्या यंत्रावरच्या रुपयांत मात्र तोच संग्राहक भलत्याच आत्मविश्वासाने बोलतो.

आधी होळकरी. मल्हारनगर टांकसाळीचा रुपया हातात घ्या. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास, मजकूर फारसीत, नाव शाह आलम बादशहाचं आणि ओळखीची खूण म्हणजे सूर्याचा चेहरा. ठसा मोठा, चकती लहान आणि ठोका हातोड्याचा, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. आता समजा सूर्याचं नाक आणि गाल सपाट आहेत. नवखा लगेच म्हणेल, 'झिजलंय.' पण सपाटपणाची कारणं दोन असू शकतात. नाणं हातोहात फिरून झिजलं असेल, किंवा मुळात ठोकाच तिथे कमी बसला असेल. झिजलेली जागा गुळगुळीत लागते, तिची मूळ चमक गेलेली असते आणि शेजारच्या अक्षरांच्या कडाही बोथट झालेल्या असतात. ठोका हुकलेल्या जागी चकतीचा मूळ खरबरीतपणा तसाच राहतो, आणि बोटभर अंतरावरची अक्षरं धारदार असतात. दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करत फिरवलं की हा फरक दिसतो. पण तो चटकन दिसण्यासाठी आधी असे पुष्कळ रुपये नजरेखालून गेलेले असावे लागतात.

अहिल्याबाईंच्या काळातल्या, बेलपान आणि शिवलिंग असलेल्या महेश्वरच्या नाण्यांचंही तेच. बेलपान कडेला अर्धं कापलेलं असणं हा दोष धरायचा की नाही? दोन अंकी सालातला एकच अंक चकतीवर आला असेल तर? सराफांनी चांदी पारखायला मारलेली खूण एका संग्राहकाला खुपते, दुसऱ्याला ती नाणं बाजारात फिरल्याचा पुरावा वाटते. हे प्रश्न आकड्यात बसवणं अवघड आहे. ज्या 1 ते 70 च्या मापावर आज जगभर ग्रेड दिली जाते, ते माप विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलं होतं. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्या अनुक्रमे 1986 आणि 1987 मध्ये सुरू झाल्या, आणि त्यांनी ते माप सगळ्या जगाच्या नाण्यांना लावलं. संस्थानी नाण्यांनाही ते आकडा देतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या टेबलावर दिवसभरात मल्हारनगरचे रुपये असे किती येत असतील? इथल्या एखाद्या हौशी माणसाच्या अल्बममध्ये त्याहून जास्त असतील.

आता दुसरी बाजू, आणि इथे चित्र पालटतं. 1835 पासून कंपनी सरकारचे एकसारखे रुपये निघाले. वजन 11.66 ग्रॅम, कडेला दाते, ठसा पूर्ण. इथे ठोका कमी की जास्त हा वाद फारसा उरत नाही, उरते ती बारीक झीज. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर गाल आणि कानावरचे केस पाहायचे. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट, मिशा आणि छातीवरच्या माळेतला हत्ती. 1911 च्या रुपयावरचा तो हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, बोंब झाली, आणि 1912 पासून ठशात दुरुस्ती करावी लागली. म्हणून 1911 च्या रुपयाला आजही चढी मागणी आहे. अशा नाण्यात 62 आणि 64 या दोन आकड्यांमध्ये किमतीची मोठी उडी असते, आणि तो फरक असतो गालावरच्या दोन-चार बारीक ओरखड्यांचा. घरच्या ट्यूबलाइटखाली तो छातीठोकपणे सांगणाऱ्याचं मी फारसं मनावर घेत नाही.

त्यातून आपल्या घरांतली खास अडचण म्हणजे दिवाळी. लक्ष्मीपूजनाचे रुपये दरवर्षी चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करायची पद्धत आहे. आईला, आजीला ते चकचकीत रुपये नवेकोरे वाटतात, आणि त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. भिंगाखाली मात्र सगळीकडे केसासारखे ओरखडे दिसतात, आणि टांकसाळीतून आलेली ती फिरती चमक, नाणं कलतं केलं की चाकाच्या आऱ्यांसारखी सरकणारी, ती गायब असते. ग्रेडिंग कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही, 'डिटेल्स' असं लिहून 'साफ केलेलं' असा शेरा मारते. दागिन्यात घालायला कडी जोडून नंतर काढलेल्या नाण्याचीही तीच गत. घासलेला रुपया डबीत घालायला पैसे भरणं म्हणजे शेरा विकत घेणं.

डीलरबद्दल थोडक्यात. सराफ्यात दिवसा (रात्री तिथे भुट्ट्याचा कीस आणि गराडूच) बसणाऱ्या जुन्या माणसांची नजर तयार असते, नाणं टेबलावर टाकल्याबरोबर चांदी खरी की खोटी सांगतील. पण जो माणूस तुमचं नाणं विकत घेणार आहे, त्याच्याकडून त्याच दिवशी ग्रेड घेऊ नये. विकायचा विषय न काढता दाखवा, आणि दोन वेगळ्या दुकानांत दाखवा. संग्राहकही काही वेगळे नसतात म्हणा: घेताना 'व्हीएफ' (व्हेरी फाइन) म्हणून घासाघीस केलेला रुपया विकताना 'एक्सएफ' (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे वरच्या पायरीचा) कसा होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

डबीचा विचार पक्का करण्याआधी कायदा नीट समजून घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे महेश्वरचा रुपया, व्हिक्टोरियाचा रुपया, 1911 चा हत्तीवाला, यांपैकी काहीही कुरिअरने अमेरिकेला धाडणं हा गुन्हा आहे. 'ग्रेडिंग करून परत येणारच आहे' ही सबब चालत नाही. अशा नाण्यांसाठी देशातच बसून ग्रेड देणाऱ्याकडे जावं लागतं, आणि मग त्या संस्थेची ग्रेड खरेदीदार किती मानतो हा पुढचा प्रश्न. यशवंतराव होळकर दुसरे यांची छबी असलेली 1935 ची अर्ध्या आण्याची तांब्याची नाणी अजून या शंभर वर्षांच्या रेषेच्या अलीकडे आहेत, 2035 मध्ये तीही पलीकडे जातील.

मग स्वतःच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा? ते तपासता येतं. आपलीच काही नाणी घ्या, प्रत्येकाची ग्रेड चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या पाकिटात बंद करा. काही महिन्यांनी तीच नाणी क्रम बदलून पुन्हा पाहा, पुन्हा लिहा, मग पाकीट उघडा. होळकरी नाण्यांत दोन्ही वेळा तेच आलं आणि सयाजीरावांच्या बडोद्याच्या रुपयांत गडबडलं, तर तुमच्या खासियतीची हद्द कुठे संपते ते तुम्हाला कळलं. ग्वाल्हेरची पाव आण्याची नाणी, शिवाजीराव होळकरांची नंदीवाली तांब्याची नाणी, हे सगळं 'आपल्याकडचंच' म्हणून आपण एकाच तोऱ्यात बोलतो. पण ही यंत्रावर पाडलेली तांब्याची नाणी आहेत, तांब्याचा रंग किती उरलाय हा तिथे वेगळाच हिशेब असतो, आणि हाताने पाडलेल्या चांदीचा अनुभव तिथे कामाला येत नाही.

माझ्यासमोर कुणी पुरचुंडी ठेवली तर मी अशी वाटणी करेन. मल्हारनगर, महेश्वर: डबी नको. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो, वजन, आणि काय दिसतं काय कापलं गेलंय याचं दोन ओळींत वर्णन. जाणकार गिऱ्हाईक आकड्यापेक्षा तेच वाचतो. दिवाळीचे घासलेले रुपये: चांदीच्या भावाने मोजा, नाहीतर पूजेतच राहू द्या. 1911 चा न घासलेला रुपया किंवा 1939 चा दुर्मीळ रुपया निघाला, तर तो मात्र त्रयस्थ ग्रेडिंग कंपनीला (1911 चा असेल तर देशातल्याच) दाखवायलाच हवा, कारण तिथे ग्रेडच्या आधी खरं-खोटं ठरवावं लागतं, आणि त्यासाठीच डबीचे पैसे वसूल होतात. 1935 चा अर्धा आणा साध्या कागदी पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलात तर काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकटा धरतो, आणि मग ग्रेड कुणीही दिली तरी खालचीच येते.