बोर्ड ‘साफ करून आणा’ असे सांगणाऱ्या खरेदीदारापासून सावध राहा

जुन्या संगणकांचे सुमारे ६० किलो सर्किट बोर्ड भंगारात विकताना माझी जी फसवणूक झाली, ती दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हे लिहीत आहे. “जेवढे भाग वेगळे कराल तेवढा भाव चढेल, बोर्ड साफ करून आणा,” असे खरेदीदाराने फोनवर सांगितले. त्याच्या शब्दावर विसंबून मी तीन आठवडे रोज संध्याकाळी हीट गनने मदरबोर्डवरच्या चिप सोडवल्या आणि कार्डांच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या (सॉकेटमध्ये बसणारा सोन्याचा मुलामा असलेला भाग) कापून काढल्या. २००६ पूर्वीच्या बहुतेक बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे हे काम बंद खोलीत करणे ही माझी गंभीर चूक होती.

माल पोहोचल्यावर त्याने एक बोर्ड उलटसुलट करून पाहिला, चिपच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवले आणि हा ‘उतरवलेला माल’ आहे असे सांगून सगळे बोर्ड पॉवर सप्लायच्या तपकिरी बोर्डांच्या, म्हणजे सर्वांत खालच्या भावात धरले. चिपच्या आत सोन्याच्या बारीक तारा असू शकतात आणि त्या काढल्या की बोर्डाची प्रत उतरते, हे त्याला आधीपासून ठाऊक होते. तरीही त्याने त्या चिप ‘मिश्र’ म्हणून बोर्डाच्याच भावात तोलल्या. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर साधारण ०.७५ मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो, त्यामुळे त्या अगदी कडेने कापाव्या लागतात. मी रुंद कापल्या होत्या, म्हणून तिथेही त्याने फायबरचे वजन वजा केले.

विकण्याआधी बोर्डावरचे ॲल्युमिनियमचे हीटसिंक (चिप थंड ठेवणारे धातूचे तुकडे), लोखंडी पट्ट्या, स्क्रू आणि सीआर२०३२ हा नाण्यासारखा गोल सेल काढावेत; सेल तर आगीच्या धोक्यामुळे काढलाच पाहिजे. प्रोसेसर आणि रॅम स्वतंत्र विकले जातात, तेही काढावेत. गोल कपॅसिटरमध्ये मुख्यतः ॲल्युमिनियम असते, त्यांच्यामागे वेळ घालवू नये. मात्र चिप आणि सोनेरी पट्ट्यांना हात लावण्याआधी अखंड बोर्डाचा, उतरवलेल्या बोर्डाचा आणि सुट्या भागांचा असे तिन्ही भाव लेखी घ्यावेत आणि बोर्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

मी ना भाव लेखी घेतले होते, ना फोटो काढले होते. मला मिळालेल्या पावतीवर ‘मिश्र भंगार’ हे दोन शब्द आणि एकूण वजन एवढेच आहे. चिप किती, पट्ट्या किती, याची नोंदच नसल्यामुळे तक्रार कशाच्या आधारावर करायची, हा प्रश्न माझ्यापुढे उरला आहे.