वेब्ली मार्क ६ (१९१७), सिलिंडर कापलेली: घ्यावी का आणि कितीला

कापलेली वेब्ली (ब्रिटिश आर्मीचं जुनं रिव्हॉल्व्हर) घ्यावी का असं ओळखीतल्या काही जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझी आहे ती मार्क ६, फ्रेमवर १९१७ साल, .४५५ बोअर, सहा इंची नळी, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची. इथे पेनसिल्व्हेनियात एका लिलावात घेतली, सिलिंडर कापलाय हे नीट बघूनच बोली लावली. त्याच लिलावात त्याच सालची एक न कापलेली पण होती, ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा मुलामा) उलट माझ्यापेक्षा जास्त उडालेलं, तरी ती माझ्या दीडपटीच्या पुढे गेली. सिलिंडरच्या मागच्या बाजूचं जेमतेम दीड मिलिमीटर लोखंड कमी, बाकी सगळं तेच, आणि किमतीत एवढा फरक. आता तो का पडतो आणि तो बरोबर आहे का, हेच सांगायचंय.

आधी वस्तूबद्दल. हातात घेतली की वजन लगेच कळतं, किलोच्या वर आहे. डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली लॅच येतो, तो दाबला की नळी पुढे झुकते आणि मधून चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर वर येऊन रिकामी काडतुसं एकदम बाहेर टाकतो, आणि अजून थोडी वाकवली की तो खट्‌कन परत आत बसतो. शंभर वर्षांनंतरही हे इतकं घट्ट आणि स्वच्छ चालतं की बघत राहावं. मुठीवरच्या व्हल्कनाइटच्या पट्ट्या मूळच्याच, डावीकडची खालच्या कोपऱ्यात थोडी उडालीये, खाली डोरी अडकवायची कडी जागेवर. मे १९१५ मध्ये ब्रिटिश आर्मीने मार्क ६ घेतली, म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन रंगात असताना. त्याच काळात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, ११० वी तर कुटच्या वेढ्यात अडकली होती, आणि अशा पलटणींवरच्या बऱ्याच ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कुठल्या ना कुठल्या मार्कची वेब्लीच असायची. मला वेब्लीची ओढ आहे ती ह्यामुळे, लूगर ह्या जर्मन पिस्तुलाबद्दल तेवढं वाटत नाही.

आता कापण्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या हजारोंनी सरप्लस म्हणून अमेरिकेत आल्या, आणि इथे .४५५ ची काडतुसं सहज मिळेनात. .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस मात्र गल्लोगल्ली. पण एसीपीला मागे कड नसते, ते रिव्हॉल्व्हरमध्ये बसवायचं तर हाफ-मून क्लिप लागते, तीन-तीन काडतुसं धरणारी पत्र्याची पट्टी, १९१७ च्या अमेरिकन कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनसाठी काढलेली. त्या क्लिपला जागा हवी म्हणून विकणाऱ्यांनी सरळ सिलिंडरच मागून घासले. दुकानदाराच्या दृष्टीने सोय झाली, पण झालं असं की जी गोळी ह्या पिस्तुलासाठी बनली ती आता नीट बसत नाही (मागे ढिली राहते, घोडा पडला तरी कधी कधी फुटतच नाही) आणि जी बसते ती ह्याला झेपत नाही. .४५५ मार्क २ चा दाब साधारण १३,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,०००. वेब्लीला प्रूफ टेस्टला (मजबुती तपासायची चाचणी) जो दाब द्यायचे त्याच्या जवळपास हे जातं, म्हणजे टेस्टमध्ये एकदाच द्यायचा तो ताण तुम्ही दर गोळीला देताय. फॅक्टरीचं .४५ एसीपी ह्यात कृपया कधीच घालू नका, विकणारा काहीही सांगू दे. सिलिंडरला तडे गेलेल्या वेब्ली लोकांनी बघितल्यात, आणि ते हातात धरून असतात हो लोक. मी माझ्यातून एसीपी एकही उडवलेली नाही, उडवणारही नाही.

म्हणून किंमत पडते ती नुसती "ओरिजिनल नाही" ह्या हट्टापायी नाही. कापलेल्या वेब्लीने तिचं मूळ कामच गमावलेलं असतं, आणि लोखंड परत लावता येत नाही. कलेक्टर पैसे कमी देतात ते योग्यच आहे.

पण माझं स्पष्ट मत असं की कापलेला सिलिंडर हा सगळ्यात वाईट बदल नाही. तो दिसतो. पिस्तूल बंद करून बाजूने उजेडाकडे धरलं की सिलिंडर आणि मागच्या भिंतीमधली फट दिसते, कुणीही ओळखेल, भाव त्याप्रमाणे ठरतो, फसवाफसवी नाही. खरा घात करतं ते पॉलिश करून नव्याने केलेलं ब्लूइंग. फोटोत ते इतकं सुंदर दिसतं की नवा माणूस हमखास जास्त बोली लावतो. त्याच लिलावात तिसरी एक वेब्ली "ओरिजिनल फिनिश" म्हणून लावली होती आणि आम्ही दोघं-तिघं ती हातात घेऊन बघत होतो, तर ब्रॉड अ‍ॅरोचा ठसा (सरकारी मालाची बाणाची खूण) पुसट, कडा वितळल्यासारख्या, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या आत गेलेल्या, बफिंगच्या चाकाशिवाय हे होतच नाही. लिलाववाल्यांना सांगितलं तर वर्णन बदललं नाही. ती विकली गेली, चांगल्या भावाला. मला त्या घेणाऱ्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तो विकायला जाईल तेव्हा समोरचा पहिल्या मिनिटात हेच सांगणार. ठसे हेच ह्या पिस्तुलांचं आधारकार्ड आहे, कुणी तपासलं, कुठल्या साली, कधी सेवेतून बाहेर काढलं (दोन ब्रॉड अ‍ॅरो टोकाला टोक लावून असतील तर सरकारने विकून टाकलेली), विक्रीआधी कुठल्या प्रूफ हाऊसमधून गेली, सगळं त्या ठशांत. पॉलिशने ते गेलं की चकाकी उरते, बाकी काही नाही. निकेल प्लेटिंग तर विचारूच नका.

आणि सगळेच बदल वाईट असंही नाही, इथे नवीन लोकांचा गोंधळ होतो. बदल कुणी केला आणि कधी केला ते बघायचं. आर्मीने स्वतः केलेला बदल हा इतिहासाचाच भाग. जुन्या मार्क १ दुरुस्त करून अपग्रेड केल्या तेव्हा मार्कच्या आकड्यापुढे चांदणी ठोकली, मार्क १ स्टार वगैरे, त्या चांदणीला उलट लोक शोधतात. नंतर फॅक्टरीत पूर्ण दुरुस्त होऊन काळा रंग चढवलेल्या वेब्ली असतात, तो रंग दिसायला अगदी रूक्ष, आणि काही जण तो खरवडून खालचं ब्लूइंग "वाचवायला" जातात. नका हो खरवडू. तो रंग सरकारने दिलाय, तो राहू दे. लूगरवाल्यांचं पण तसंच, १९२० चा दुसरा शिक्का किंवा वायमार काळात (पहिल्या महायुद्धानंतरची जर्मनी) पोलिसांनी बसवलेला जादा सेफ्टीचा तुकडा हे सगळं कारखान्यातून निघाल्यावर झालेले बदल, तरी त्यांची स्वतंत्र मागणी आहे. उलट त्याच लूगरचे पिवळसर सोनेरी छोटे पार्ट कुणी घरी काळे केले की खेळ संपला.

अधिकाऱ्याने त्या काळी स्वतःचं नाव कोरून घेतलं असेल तर काय? लोखंडावर ओरखडेच ते, पण किंमत वाढते, कारण नावावरून माणूस सापडतो. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या बऱ्याच फायली लंडनच्या क्यूमध्ये नॅशनल आर्काइव्ह्जला आहेत. तेव्हाचे अधिकारी वेब्ली बऱ्याचदा स्वखर्चाने घ्यायचे, आर्मी अँड नेव्हीच्या दुकानातून घेतलेल्यांवर त्या दुकानाचं नाव कोरलेलं असतं. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ना, ती ह्याच दुकानाची शाखा. जहांगीरला येता-जाता आपण तिच्यासमोरून कितीदा गेलोय. असं नाव असलेली वेब्ली मला अजून परवडणाऱ्या भावात मिळालेली नाही, पण नजर आहे.

भारतात ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांची लायसन्सवरची वेब्ली आहे त्यांच्यासाठी एक विनंती. मुलाच्या नावावर करताना "जरा नवी करून घेऊ" म्हणून निकेल करायला किंवा मूठ बदलायला टाकू नका. आणि नळी आखूड करून घेणं तर आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ६ प्रमाणे वेगळ्या लायसन्सशिवाय गुन्हाच आहे, तो किमतीचा प्रश्नच उरत नाही. तेलाचा हलका हात आणि कोरडी जागा, एवढं बास. चामड्याच्या होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका, चामड्यात ओल धरते आणि लोखंडाला खड्डे पडतात.

आता घ्यायची असेल तर. अमेरिकेत कायद्याने अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली, मार्क ६ त्यात बसत नाही, ती क्युरिओ अँड रेलिकमध्ये (जुन्या संग्राह्य हत्यारांचा कायद्यातला वेगळा वर्ग) येते, तेव्हा "अँटिक आहे, कागद लागत नाहीत" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. फ्रेम, नळी आणि सिलिंडर तिन्हीवरचा नंबर एकच हवा. हल्ली कापलेल्या वेब्लीवर दुसरीकडचा अख्खा सिलिंडर बसवून "न कापलेली" म्हणून विकतात, फट दिसत नाही, पण नंबर जुळत नाही, आणि नंबरच्या जागी घासल्याची चमक असेल तर समजून जा. अशीला मी कापलेलीपेक्षाही कमी देईन. फोनवरचे फोटो मागवताना नळी वाकवून सिलिंडरच्या मागच्या बाजूचा एक फोटो मागा, विकणारा टाळत असेल तर सोडून द्या.

कापलेल्या वेब्लीला पाचपैकी साडेतीन देतो मी. बाकी ब्लूइंग आणि ठसे खरे असतील आणि भाव कापलेलीचाच असेल तरच. हौस असेल, उघडझाप करून बघायची असेल, ठसे वाचायचे असतील तर पैसा वसूल, माझा झालाय. पुढे विकून पैसे करायचे असतील तर थांबा आणि जास्त पैसे घालून न कापलेली घ्या, भले ती रंग उडालेली आणि डागाळलेली असो. .४५५ ची काडतुसं फियोकी ह्या कंपनीची अधूनमधून मिळतात, महाग पडतात, पण न कापलेलीतून ती चालतील.