मेटॅलिका: १९८८चा अल्बम की १९९१चा?

अमेरिकन हेवी मेटल बँड मेटॅलिकाचे हे दोन्ही अल्बम मुख्यतः लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओतच रेकॉर्ड झाले, पण फरक कानाला लगेच कळतो. १९८८च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस (खालच्या सुरांची गिटार) जवळजवळ ऐकूच येत नाही. हेडफोन लावून शोधा, तरी तो गिटारखाली गाडलेला! बँडचा आधीचा बेसवादक, दिवंगत क्लिफ बर्टनच्या जागी आलेल्या माणसावर हा अन्यायच झाला, असं मला आजही वाटतं.

१९९१च्या 'मेटॅलिका'साठी (काळ्या मुखपृष्ठामुळे याला 'काळा अल्बम' म्हणतात) निर्माता बॉब रॉकने बँडमधल्या चौघांना एकत्र वाजवायला लावलं. काम कित्येक महिने चाललं, मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज जुळवण्याचं काम) तीनदा झालं. त्यातल्या 'सॅड बट ट्रू' गाण्याचा बेस थेट छातीत घुमतो. आवाजासाठी हाच घ्या.

गुंतागुंतीच्या रचना हव्यात? मग १९८८चाच. त्याचं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं आहे, आणि एकही मिनिट जास्त वाटत नाही.