फुलांच्या वासाचे ऊलाँग: आठ महिने रोज पिऊन झाल्यावर

गेल्या ऑक्टोबरात पहिलं पाकीट फोडलं, आता जून उजाडलाय. या काळात चार ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकारचे चहा, तळापर्यंत संपवले आणि एक टाकून द्यावा लागला. सकाळचा आल्याचा चहा आमच्याकडे होतोच, तो सोडण्याचा प्रश्नच नाही. ऊलाँग दुपारी तीनच्या सुमारास, घर शांत असताना. त्या वेळी नाक सगळ्यात जागं असतं, असा माझा अनुभव.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न आधी घेते: यात फुलं घातलेली असतात का? नाही. पानं तोडून थोडा वेळ उन्हात, मग सावलीत सुकवतात आणि सुपासारख्या बांबूच्या पसरट टोपल्यांत किंवा फिरत्या पिंपात हलवतात. पानांच्या कडा घासून दुखावतात. मग विसावा, मग पुन्हा हलवणं, असं रात्री उशिरापर्यंत चालतं. दुखावलेल्या पानात जे सुगंधी घटक तयार होतात, त्यातले लिनॅलूल आणि इंडोल मोगऱ्यातही सापडतात. वास हवा तसा आला की पान तापल्या कढईत टाकून ही क्रिया तिथेच थांबवतात. थांबवायची वेळ चुकली की एकतर हिरव्या भाजीचा वास राहतो नाहीतर फूल निघून जातं. चांगल्या ऊलाँगचे पैसे मुख्यतः या अंदाजाचे असतात असं मला वाटतं.

भांडं म्हणून १०० मिलीचा पांढरा चिनी मातीचा गायवान घेतला, म्हणजे बशी आणि झाकण असलेला बिनकानाचा वाटा. पहिले दोन आठवडे बोटं पोळली. काठ बाहेर वळलेला घ्या आणि पाणी काठाच्या बोटभर खाली थांबवा, मग पोळत नाही. काचेच्या किटलीतही करून पाहिलं, पण गायवानच्या झाकणाला तोड नाही. पाणी ओतून अर्ध्या मिनिटाने झाकण उचलायचं आणि त्याची आतली बाजू नाकाशी न्यायची. चहा तोंडात जाण्याआधीच त्याच्याबद्दल निम्मं कळतं.

प्रमाण ५ ग्रॅम पत्तीला १०० मिली पाणी. पहिलं पाणी ३० सेकंदांनी गाळायचं, मग त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, दर वेळी वेळ थोडा वाढवत सहा-सात पाण्यांपर्यंत.

पहिला घेतला वेनशान बाओझोंग. तैवानच्या उत्तरेला, तैपेईजवळच्या पिंगलिन भागातला. हा गोळीसारखा वळलेला नसतो, पान लांबट पिळाचं असतं. पूर्वी तो कागदात गुंडाळून विकत, नाव त्यावरूनच पडलं. ऊलाँगमधला हा सगळ्यात हलका, हिरव्या चहाच्या शेजारचा. पहिल्या दोन पाण्यांना पहाटेच्या जुईसारखा वास, चौथ्याला मात्र संपतो. मला फार आवडला, पण नाजूक आहे. पाकीट उघडल्यावर महिन्याभरात वास निम्म्यावर आला.

दुसरा आलीशान, जियायी भागातल्या डोंगरांतला. तैवानमध्ये १००० मीटरच्या वरच्या मळ्यांतला चहा 'उंच डोंगराचा' म्हणून विकतात, हा त्यातला. घट्ट वळलेल्या गोळ्या, पाण्यात पडल्या की चार-पाच मिनिटांत फुगून अख्खा वाटा भरतात. संपल्यावर पानं ताटलीत पसरून पाहिली: एका देठाला तीन-तीन पानं, जाड, कडा करवतीसारख्या आणि शाबूत. वास बाओझोंगपेक्षा मंद, पण घशात जो गोडवा येतो तो दहा मिनिटं हलत नाही. पाहुण्यांना मी हाच देते. ज्यांना 'हे काय गरम पाणी' वाटण्याची शक्यता असते, त्यांनाही हा आवडतो.

तिसरा ती-ग्वान-यिन, चीनच्या फूच्येन प्रांतातल्या आनशीचा, हल्ली मिळतो तसा हिरवट, हलका. यातली ओली पानं पाहिली तर कडा कुरतडल्यासारख्या. मला वाटलं, माल खराब आला. नंतर कळलं की या हिरव्या पद्धतीत लालसर झालेल्या कडा मुद्दाम झटकून काढतात, रसाचा रंग स्वच्छ राहावा म्हणून. वास जोरदार, पाकीट उघडताच खोलीभर. पण माझं मत थोडं वेगळं आहे: पहिल्या पाण्याला इतका घमघमाट आणि तिसऱ्याला आंबटसर हिरवेपणा, हे गणित मला जमलं नाही. याच नावाचा भाजलेला, जुन्या पद्धतीचा मिळाला तर घेईन.

चौथ्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण चव पारखायला मी खऱ्या अर्थाने त्यानंतर शिकले.

तो दानत्सोंग, ग्वांगदोंग प्रांतातल्या छाओझोउजवळच्या फंगह्वांग डोंगरावरचा. तिथे चहाच्या झाडांच्या जाती त्यांच्या वासावरून ओळखतात: कुणी मध-ऑर्किडची, कुणी बदामाची, एक तर चक्क 'बदकाच्या शिटेचा सुगंध' या नावाची, आणि ती सुंदर लागते. माझ्याकडे आला तो ह्वांग झी श्यांग. पाकिटावर इंग्रजीत दोन-तीन फुलांची नावं होती, त्यातली निम्मी मी कधी हुंगलेली नाहीत. वहीत मी लिहून ठेवलं होतं: 'फुलं, गोड, जड, १० पैकी ७.' आठवडाभर तेच लिहीत होते.

एका दुपारी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्या देवगडकडच्या, चहा म्हणजे दुधाचाच. मी नुसतं झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं, हा अनंत. पण आजचा नव्हे. दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो ना, तसला." मग म्हणाल्या, "आमच्या विहिरीपाशी होता. रात्री पाणी काढायला गेलं की असाच यायचा."

अनंताचं फूल पहिल्या दिवशी पांढरंशुभ्र असतं, मग पिवळसर होत जातं आणि वास दाटतो. हा फरक मला माहीत होता, पण चहाच्या वेळी तो आठवला नव्हता. संध्याकाळी त्या चिनी नावाचा अर्थ शोधला. श्यांग म्हणजे सुगंध, आणि ह्वांग झी म्हणजे अनंताचंच झाड. सासूबाईंना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून गुण देणं बंद केलं. आता वहीत आपल्या ओळखीची फुलं लिहिते, तीही वेळेसकट: पहाटेची जुई, गजऱ्यातला सुकत आलेला मोगरा, उमलता सोनचाफा, वाळलेली सुरंगी. दुसरी सवय म्हणजे एका वेळी दोन चहा शेजारी शेजारी. एकटा चहा नेहमीच बरा लागतो, जोडीला दुसरा ठेवला की त्याचं खरं रूप दिसतं. आणि महिन्यातून एकदा परीक्षकांच्या पद्धतीने करते: ३ ग्रॅम पत्ती, १५० मिली उकळतं पाणी, पूर्ण सहा मिनिटं. असा चहा प्यायला सुखाचा नसतो, पण कडवटपणा, कच्चा हिरवेपणा, सगळं वर येतं. तो थंड होऊ द्या आणि पुन्हा घ्या. थंड झाल्यावरही फूल टिकलं तर चहा चांगला. आलीशान आणि दानत्सोंग टिकले. ती-ग्वान-यिन टिकला नाही.

आता टाकून दिलेल्या पाकिटाबद्दल. तो होता चिन श्वान. ही तैवानच्या चहा संशोधन केंद्राची १२ क्रमांकाची जात, १९८१ मध्ये बाहेर आली. तिला मुळातच सायीसारखी हलकी झाक असते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'नैसर्गिक' म्हणून मागवला. पहिल्या पाण्याला आटवलेल्या दुधाचा आणि व्हॅनिलाचा भपकारा, दुसऱ्याला निम्मा, तिसऱ्याला नुसतं कोमट, बेचव पाणी. वरून घातलेला अर्क असाच वागतो: पानातून येत नाही, पानावरून धुऊन जातो. तक्रार केली, उत्तर आलं नाही. गायवानला तो वास दोन दिवस राहिला. वाईट याचं वाटतं की एखाद्याने पहिलाच ऊलाँग हा प्यायला, तर तो खऱ्या चिन श्वानला कायमचा मुकेल.

पाण्याचं थोडक्यात: आमच्या आरओच्या पाण्यात चहा पोकळ लागतो. नळाचं पाणी साध्या गाळणीतून काढून उकळलं की वास भरीव येतो. पावसाळ्यात नळाला क्लोरीन जास्त जाणवतं, तेव्हा रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवते.

साठवणीत माझी एक चूक महागात पडली. बाओझोंगचा डबा गोड्या मसाल्याच्या फळीवर होता. चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो, हे वाचलेलं होतं, तरी झाकण घट्ट आहे म्हणून बिनधास्त राहिले. शेवटचे दहा ग्रॅम दगडफुलाच्या वासाचे निघाले. आता हिरवे ऊलाँग हवाबंद पाकिटात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असतात. बाहेर काढल्यावर पाकीट तासभर तसंच मिटलेलं राहू देते, नाहीतर पत्तीला पाणी सुटतं. एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, निदान पावसाळ्यात तरी.

पुन्हा मागवायचे झाले तर आलीशान नक्की. बाओझोंग फक्त हिवाळ्यात. ह्वांग झी श्यांगचे शेवटचे आठ ग्रॅम मी राखून ठेवले होते, ते परवा संपवले. गॅलरीतल्या कुंडीत या पावसाचा पहिला अनंत फुलला होता. तो एक दिवस झाडावरच ठेवला, दुसऱ्या दिवशी पिवळा पडल्यावर सासूबाईंनी तो बशीत आणून गायवानशेजारी ठेवला, आणि आम्ही दोघी आळीपाळीने झाकण आणि फूल हुंगत बसलो.