वाटी की वजनकाटा: फराळाचे कोरडे जिन्नस मोजताना

दिवाळीआधी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात धान्य भरताना सगळा व्यवहार किलोत होतो, आणि घरी येऊन भाजणीची वही उघडावी तर तीत ‘चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी पोहे’ असे लिहिलेले असते. पायली, शेर, मापटे, चिपटे ही धान्याची मापे मुळात आकारमानाचीच होती. मेट्रिक मापे आणणाऱ्या १९५६ च्या कायद्यानंतर बाजार टप्प्याटप्प्याने किलोवर गेला, स्वयंपाकघर मात्र वाटीपाशीच थांबले. त्यामुळे वाटीवरच राहावे, आंतरजालावरचा कप-ग्रॅमचा तक्ता वापरावा की काटा विकत घ्यावा, असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांनी आधी आपण धान्य मोजतो की पीठ, हे पाहावे.

अख्ख्या धान्याला वाटी पुरते. तांदूळ आणि डाळी दाबल्या तरी फारशा बसत नाहीत, आणि २४० मिलिलिटरच्या कपात दोन्ही साधारण १९० ते २०० ग्रॅम भरतात; म्हणून वाटीचे प्रमाण जवळपास तसेच्या तसे वजनाला लावता येते. एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ, हा हिशेब चुकत नाही. फसगत होते ती पोह्यांत. एक वाटी पोहे म्हणजे तांदळाचा चौथा भाग, असे धरून पाव किलो पोहे घातले, तर ते जवळपास दुप्पट होतात, कारण वाटीभर जाड पोहे वाटीभर तांदळाच्या निम्म्याच्या आसपासच भरतात. सव्वाशे ग्रॅम पुरेत.

पिठाच्या बाबतीत मात्र वाटीवर माझा विश्वास नाही. त्याच २४० मिलिलिटरच्या कपात मैदा चमच्याने अलगद भरून वरून सपाट केला तर सुमारे १२० ग्रॅम बसतो, आणि कप थेट डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंतही जातो. चार कपांमागे हा फरक १२० ग्रॅमचा, म्हणजे अख्ख्या एका कपाचा होतो, आणि मग नानकटाई कोरडी का झाली म्हणून तुपाला दोष दिला जातो. साखरेचेही तसेच: कपभर दाणेदार साखर २०० ग्रॅम, तर कपभर पिठीसाखर १२० ग्रॅमच्या आसपास. कृतीत ‘एक वाटी साखर दळून’ लिहिले आहे की ‘एक वाटी पिठीसाखर’, हे म्हणूनच नीट वाचावे लागते.

तयार तक्त्यांची अडचण वेगळी आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, आणि आपली आमटीची वाटी बहुधा दोन्हींपेक्षा लहान. शिवाय परदेशी तक्त्यांत ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ क्वचितच सापडते. त्यापेक्षा आपल्याच वाटीचा तक्ता करणे सोपे. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ती पाण्याने काठोकाठ भरावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर वाटीचे माप. मग वाटी कोरडी करून बेसन, रवा, भाजणी एकेक भरून आकडे वहीत मांडावेत. तासाभराचे काम आहे, आणि त्यासाठी शेजारणीचा काटा मागून आणला तरी चालतो.

काटा घेतलाच, तर खाण्याचा सोडा त्यावर मोजू नये. बहुतेक घरगुती काटे एकेका ग्रॅमने पुढे सरकतात आणि पाव चमचा सोडा भरतो जेमतेम सव्वा ग्रॅम; तिथे मापाचा चमचाच खरा. मीठ आणि हळदही चमच्यानेच घ्यावी. कांदा-लसूण मसाल्याला तर ही निवडच नाही: सुक्या मिरच्या वाटीत मावत नाहीत, त्यामुळे किलोभर मिरचीला खोबरे किती, धने किती, तीळ किती, हे कांडपावर नेण्याआधी सगळे वजनावरच ठरते. रोजच्या चार माणसांच्या भाता-आमटीसाठी काट्यावर पैसे घालायची गरज नाही. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी किंवा घरी केक-बिस्किटे करणाऱ्यांनी मात्र तो आधी घ्यावा आणि ओव्हन मागाहून.