बडोद्यात अलकापुरीतली एक फॉरेन स्टडी कन्सल्टन्सी: व्हिसाला चांगली, बाकी स्वतः बघा

नाव मुद्दाम लिहीत नाही, अलकापुरीत कन्सल्टन्सीवाल्यांची रांगच आहे त्यातलीच एक, एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे, गेल्यागेल्या चहा. माझ्या धाकट्या भावाने एमएस युनिव्हर्सिटीतून संस्कृतमध्ये एमए केलंय, त्याला अमेरिकेत डिव्हिनिटी स्कूलला जायचं होतं, धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला. काउन्सेलर बेन गोड बोलल्या, 45 हजार घेतले आणि फाईलवर मार्करने लिहिलं, जिऑलॉजी. थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, म्हणून सांगितलं तर हसल्या, पण खोडलं नाही.

यांना इंजिनिअरिंग आणि एमबीएचा रस्ता पाठ आहे, सगळ्यांना त्याच रस्त्याने हाकतात. पहिल्याच आठवड्यात जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या क्लासचे वेगळे पैसे मागितले, आम्ही भरले पण, बावळटासारखे. मग भावाने स्वतः बसून एकेका स्कूलची साईट वाचली तर त्याच्या यादीतलं कुणीच जीआरई मागत नव्हतं. कोर्समधला फरकही त्यानेच शोधला, एमडिव्ह साधारण 3 वर्षांचा, जास्त करून चर्चमध्ये किंवा हॉस्पिटलात चॅप्लेन (तिथला धर्मगुरू) वगैरे व्हायचंय त्यांच्यासाठी, आणि एमटीएस 2 वर्षांचा, अभ्यासाकडे झुकणारा. बेननी एमडिव्ह सुचवलेला, का तर "एक वरस वधारे मळशे ने", एक वर्ष जास्त मिळेल ना!

चर्चच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात, अर्जाबरोबर बऱ्याचदा आपल्या पाळकांचं पत्र लागतं, उलट हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूल 1816 पासूनची आहे पण तिथे कुठल्याही धर्माची मुलं येतात, हेही आम्हीच बेनना सांगितलं. घरी आत्याचं वेगळंच, पोरगा पाद्री होणार का गं? तिला म्हटलं, विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात हेच शिकायला गेलेले, आणि त्यांच्या शिक्षणाला मदत आपल्याच सयाजीरावांची. मग गप्प बसली.

सगळ्यात राग आला तो ओपीटीचा, म्हणजे शिकल्यावर स्टुडंट व्हिसावरच तिथे काम करायच्या परवानगीचा. शिकून झाल्यावर 3 वर्षं तिथे नोकरी करता येईल, लोन आरामात फिटेल, असं छातीठोक सांगितलं. अहो ते 12 महिन्यांच्या वरचे 24 महिने स्टेमवाल्यांना (सायन्स, इंजिनिअरिंग, गणित वगैरे), थिऑलॉजीला 12 महिनेच. शिकताना सेमिस्टर चालू असेल तेव्हा कॅम्पसवर आठवड्याला 20 तास, बस. बाबा ह्या 3 वर्षांच्या हिशोबावर कारेलीबागचं घर गहाण ठेवायला निघालेले! नंतर स्कूलनेच घरची परिस्थिती बघून ग्रँट दिली म्हणून निभावलं, तो फॉर्मही भावानेच भरलेला.

आता चांगलं. आतल्या खोलीत व्हिसाचं काम बघणारा एक मुलगा आहे, कमी बोलतो पण काम चोख. डीएस-160, म्हणजे व्हिसाचा फॉर्म, ओळ न् ओळ तपासला, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंद) 350 डॉलर व्हिसा फीपेक्षा वेगळे भरायचे असतात ते सांगून पावती प्रिंट करून दिली, आणि स्कूलकडून येणाऱ्या आय-20 या प्रवेशाच्या कागदावर बाबांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं ते त्यानेच पकडलं, नाहीतर मुंबईला बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटला जाऊन फजिती होती. मॉक इंटरव्ह्यू दोनदा घेतला, पैसे न घेता.

व्हिसाला 4 स्टार, काउन्सेलिंगला 1, तोही चहाचा.

भाऊ तिकडे जाऊन दोन महिने झाले. परवा त्याला ह्यांच्याच ऑफिसातून मेसेज आला, ऑस्ट्रेलियात माइनिंगमध्ये जिऑलॉजिस्टना खूप स्कोप आहे, इंटरेस्टेड असाल तर भेटा.