कुबडा म्हणे!
लेस्टरला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा इंग्लंडचा जुना राजा तिसरा रिचर्ड याचं संग्रहालय बघून आलो. कुबडा, थोटा, पुतण्यांचा खुनी, एवढंच डोक्यात होतं. इथे त्याच्या सांगाड्याची थ्रीडी प्रिंटरवर केलेली प्रतिकृती आहे. मणका एका बाजूला वाकलाय खरा, पण कुबड नाही आणि हात दोन्ही धड! १४८४च्या संसदेत जामिनाचा कायदा सुधारला तो याच्याच राज्यात. पुतण्यांचं काय झालं ते अजून गुलदस्त्यात. तिथे मी काही त्याला सोडणार नाही. शेवटी काचेच्या जमिनीखाली २०१२ साली कार पार्कमध्ये सापडलेली कबर. खड्डा इतका आखूड की राजाची मान मुडपलेली. आमच्या हिने काचेवर पाय ठेवायच्या आधी चपला काढल्या. तिकीट वसूल.